उजवीकडची खाच

पाँटियाक, मिशिगन
९ मे

डार्ला,

हे पत्र मायेपोटी लिहिलेलं नाही, तेव्हा पहिल्याच ओळीला डोळे पुसायला घेऊ नकोस. तुझा टेक्सासचा, अमारिलोचा पत्ता रेवामावशीकडून घेतला. तिनेही सरळ दिला नाही, आधी मलाच चार गोष्टी सुनावल्या.

कामाचं बोलते. बाबांच्या गाडीची छोटी चावी तुझ्याकडे आहे. ती पाठव.

दाराची नव्हे, इंजिनाचीही नव्हे. त्या इथे खिळ्याला टांगलेल्या आहेत. गिअरच्या दांड्याशेजारी जे बारीक कुलूप आहे ना, त्याची. कुठली चावी म्हणून साळसूदपणे विचारू नकोस. सत्त्याऐंशी साली बाबांच्या कमरेच्या जुडग्यातून ती काढून घेतलीस आणि पहाटेची बस धरलीस. त्या दिवसापासून गाडीची उजवीकडची खाच बंद पडली ती पडलीच. लोकांच्या पोरी घर सोडताना पैसे नेतात, आईच्या कानातलं नेतात. तू बापाची हौस घेऊन गेलीस, आणि मी तुला त्याबद्दल माफ केलेलं नाही, हे तुला माहीत आहेच.

बाबांना जाऊन आता तीन महिने होतील. तुझी फुलं मिळाली. पांढरी होती. चर्चमध्ये सगळ्यांनी विचारलं कुणाची म्हणून. मी सांगितलं, ओळखीतली आहे एक.

आता गाडी विकायला काढली आहे. वुडवर्ड रस्त्यावर सगळे तिला अजून लाडाने बोकडच म्हणतात. गिऱ्हाईक एस्कनाबाचा, लाहटी नावाचा. जुन्या गाड्या गोळा करतो, हातात पांढरे मोजे घालून बॉनेट उघडतो. त्याने मला माझ्याच गाडीतली गंमत समजावून सांगितली.

"बाई, ह्या एका दांड्याला दोन खाचा का आहेत, ठाऊक आहे?"

"नाही बुवा," मी म्हटलं. छप्पन्न वर्षं त्या दांड्यावर हात ठेवलाय, पण म्हटलं बघू तरी काय दिवे लावतोय.

"डावीकडची खाच साधी. दांडा मागे ओढून सोडून द्यायचा, गाडी आपले गिअर आपण बदलते. उजवीकडे घातला की मात्र खरी मजा. पहिला, दुसरा, तिसरा, एकेक गिअर आपल्या हाताने. इंजिनाला हवं तेवढं ताणायचं आणि मगच वर जायचं. कारखान्यातूनच असं यायचं हे, पण फार लोकांना पत्ताच नसतो. आणि त्यातली मेख सांगू? जाहिरातीत डावीकडची खाच 'तिची' आणि उजवीकडची 'त्याची'! वर कुलूप. चावी नवऱ्याच्या खिशात!"

असं म्हणून तो मनापासून हसला. मीही हसले. करते काय.

तर त्याचं म्हणणं, चावीशिवाय वस्तू अपुरी. कुलूपवाल्याकडून केलेली चालायची नाही, कारखान्यातून आलेली तीच हवी. वर मला ताकीद दिली, की दांडा जोर करून उजवीकडे ढकलायचा नाही, आतला खटका मोडेल.

"मी कशाला ढकलतेय?" मी म्हटलं. "आजवर कुणी ढकलू दिलाय मला?"

ऑगस्टच्या मध्यावर तो गाडी न्यायला येणार आहे. त्याच्या आत पाठव.

इमोजीन स्पर्लॉक
(तुझी आई)


पाँटियाक
२ जून

डार्ला,

उत्तर नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. बाबांशी तुझं पटलं नाही, कारण तू त्यांचीच कार्बन कॉपी आहेस. तेही असेच गप्प बसायचे, आणि मग समोरच्याने भिंतीशी बोलायचं.

काल बोकड बाहेर काढला. बॅटरी उतरू नये म्हणून, दुसरं काही नाही. किराणा आणायला गेले, डाव्या खाचेत, शहाण्या बाईसारखी. वुडवर्डच्या सिग्नलला शेजारी एक नवीकोरी विजेवरची गाडी येऊन थांबली. आत दाढीवाला. त्याने काच खाली केली.

"आजी, झकास आहे हो गाडी. पळते का अजून?"

"पळते की. तुझी बोलते का? मुकी दिसतेय."

तो हसला, दिवा हिरवा झाला आणि तो गेलासुद्धा. मी दाबला, नाही असं नाही. पण डाव्या खाचेत ही गाडी एवढ्या घाईने दुसऱ्या गिअरला जाते, की सगळा जीव तिथेच जातो. इंजिन आत्ता कुठे गायला लागतंय, तोच त्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होतं. मला सगळं कळतं गं. मी लग्नाआधी केंटकीत माझ्या बापाचा कोळशाचा ट्रक डोंगरउतारावरून आणायचे, ब्रेकपेक्षा गिअरवर जास्त भरवसा ठेवून. आणि इथे आल्यावर तुझा बाप मला म्हणाला, "इमो, हे तुझं काम नव्हे, गिअरबॉक्स फोडशील." ह्या गाड्या बनायच्या त्याच कारखान्यात, बाबा होते तिथेच, मी सीटा शिवत होते. आमच्या गाडीची सीट माझ्याच हातची असेल असं मी म्हणायचे. ते म्हणायचे, "असेल, असेल. बस की मग तिच्यावर." म्हणजे शेजारच्या सीटवर.

पण ते राहू दे. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये.

तुला वाटत असेल, एवढ्याशा चावीसाठी आई अजून का धुमसतेय. सांगते. तू गेल्यावर बाबांनी मला पुन्हा कधी त्या खाचेचा आनंद दाखवला नाही. आम्ही दोघं फिरायला निघालो, की डावीकडे. चर्चला डावीकडे, तळ्यावर डावीकडे. मी एकदा म्हटलं, कुलूपवाल्याकडून करून घ्या की नवी. तर म्हणाले, "अस्सल चावी तुझ्या लेकीने नेली. नकली चावी माझ्या गाडीला लागणार नाही." बोलताना चेहरा असा करायचे, की माझं काळीज तुटायचं. आणि ते तुटलं की मी तुझ्यावर चिडायचे. तू काय नेलंस ते तुला कळलंच नाही, असं मला वाटायचं.

सत्त्याऐंशीच्या त्या जूनमध्ये तू बाबांना न सांगता चावी घेतलीस, वुडवर्डवर त्या बँकवाल्याच्या मुलाला सिग्नलपासून सिग्नलपर्यंत धूळ चारलीस. बाबांच्या दोस्ताने, हॉबर्टने येऊन सांगितलं, बिचाऱ्याला वाटलं आनंदाची बातमी आहे. "वर्लिन, लेका, पोरीने दुसरा गिअर काय टाकलाय! तुला जमणार नाही असा!" बस, तेवढं पुरलं. बाबा म्हणाले, ह्या घरात राहायचं तर डावीकडे. तू माझ्याकडे बघितलंस. मी ओव्हनपाशी होते. बिस्किटं करपत होती, तिकडे लक्ष द्यायला हवं होतं.

चावी पाठव.

आई


पाँटियाक
२४ जून

डार्ला,

तुझं कार्ड आलं. पुढे लांब शिंगांचा बैल आणि मागे एवढंच: "कशाला हवी? विकायला की चालवायला?"

हे काय बोलणं झालं? आईने एक वस्तू मागितली, तर पोरीने उलटतपासणी घ्यायची! चोराच्या उलट्या बोंबा.

विकायला. आणखी कशाला? माझं वय सत्त्याहत्तर. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षांनी लायसन्सचं कठीण आहे. ह्या वयात मी वुडवर्डवर गिअर खेचत बसू? लोक काय म्हणतील? हॉबर्ट आणि त्याची टोळी गुरुवारी संध्याकाळी फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेली असते, ते काय म्हणतील?

टोळीवरून आठवलं. हॉबर्टला आता वयाप्रमाणे विसरायला होतं. परवा आला होता, मी मक्याचा ब्रेड आणि बीन्स केले होते. खाता खाता म्हणतो, "वहिनी, त्या वर्षी वर्लिनने ती लाल गाडी कशी लोळवली! दुसऱ्यातून तिसऱ्यात घालताना चाकं किंचाळली, आम्ही खुर्च्यांतून उठून उभे राहिलो."

"कधी?" मी विचारलं.

"चौऱ्याण्णव असेल. की शहाण्णव?"

"शहाऐंशी असेल, भाऊजी. त्यानंतर चावीच नव्हती."

त्याचा घास तसाच राहिला. मग म्हणाला, "हो हो, शहाऐंशी. माझं डोकं म्हणजे चाळणी झालंय बघा." आणि दुसऱ्यांदा बीन्स न मागता गेला. हॉबर्ट बीन्स सोडून जाईल का? मला काळजी वाटते त्याची.

आणि तू मला प्रश्न विचारायचे नाहीत. तू गेल्यावर फोन करायचीस तेव्हाही हेच. कशी आहेस नाही, चुकलं नाही, पहिलाच प्रश्न, "आई, गाडी चालवलीस का?" वर तोंड करून! बापाच्या जखमेवर मीठ चोळायचं आणि वर आईला चिडवायचं. मी फोन ठेवून द्यायचे. मग तूही करायचा बंद केलास.

तुला खरंच माहीत आहे का, तो गिअर हाताने टाकताना कसं वाटतं? म्हणजे तुला माहीत असेलच. मी नुसतं शेजारी बसून बघितलंय, तेही सदुसष्ट ते सत्त्याऐंशी. दांड्यावरचा बाबांचा हात मला अजून दिसतो. मनगटाने नाही, खांद्यापासून खेचायचे ते. मी असते तर मनगटाने खेचला असता. ट्रकवरची सवय.

तर विकायला. लिहून ठेव.

आई


पाँटियाक
१६ जुलै

डार्ला,

चालवायला.

आई


पाँटियाक
१३ ऑगस्ट

डार्ला,

अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. वयाने नाही, रागाने बिघडलंय.

चावी परवा सकाळी आली. जाड पाकीट, आत कागदी रुमालात गुंडाळलेली चावी. शब्द एक नाही. मी म्हटलं, बरं, तेवढं तरी केलंन. एकटीने लावून बघणार होते, तोच लाहटी ट्रेलर घेऊन दारात. दुपारची वेळ दिली होती, तर हा न्याहारीलाच हजर. मागोमाग हॉबर्टही आला. बोकडाला निरोप द्यायचा म्हणाला, आणि स्वतःची घडीची खुर्ची गॅरेजसमोर टाकून बसला, जणू काही मयताला आलाय.

लाहटीने चावी मोज्याच्या बोटांत धरून उन्हात बघितली. म्हणाला, "वा! बाई, हा मान तुमचा. लावा."

मी सीटवर बसले. चावी घातली, फिरवली. खट्‌ झालं. दांडा मागे ओढला आणि उजवीकडे ढकलला. हलेना. पुन्हा ढकलला. ढिम्म.

"जोर नका करू, जोर नका करू!" लाहटी आत वाकला. "उलटी फिरवून बघा बरं."

उलटी फिरवली. खट्‌. दांडा अलगद उजवीकडे सरकला.

"अहो," लाहटी म्हणाला, "हे बंद नव्हतंच. उघडंच होतं. तुम्ही पहिल्यांदा चावी फिरवलीत तेव्हा बंद केलंत."

"छे! कायमचं बंद होतं ते. चावीच नव्हती इथे."

"चावी नव्हती म्हणूनच सांगतोय. चावीशिवाय हे बंदही होत नाही आणि उघडतही नाही. कुणाकडे होती चावी?"

"लेकीकडे."

"कधीपासून?"

"सत्त्याऐंशीपासून."

"मग सत्त्याऐंशीपासून उघडं आहे," तो म्हणाला, आणि उगाचच चष्मा पुसायला लागला.

मी बाहेर बघितलं. हॉबर्ट खुर्चीची घडी करत होता.

"भाऊजी, बसा."

"वहिनी, मला जरा औषधाच्या दुकानात—"

"बसा म्हटलं ना!"

तो बसला. एवढा धिप्पाड माणूस, पण शाळेत अंगठे धरायला सांगितल्यासारखा झाला होता. मग एकेक बाहेर आलं. बाबा दर गुरुवारी 'जरा तेल बदलून आणतो' म्हणून जायचे ना? तेल कसलं बदलतायत! वुडवर्डला जायचे आणि उजव्या खाचेत घालून पोरासोरांना हरवायचे. चौऱ्याण्णवमध्ये, शहाण्णवमध्ये, अगदी गेल्या उन्हाळ्यातसुद्धा. फुटपाथवरच्या सगळ्या खुर्च्यांना माहीत होतं. सगळ्यांना शपथ घातली होती, की इमोजीनसमोर तोंड उघडायचं नाही. माझ्या टेबलावर बसून माझे बीन्स खाऊन, माझ्याच पोरीच्या नावाने हळहळायचे मेले!

"पण का?" मी विचारलं. "मी एकदा चालवली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?"

हॉबर्टने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "एकदा मीही विचारलं होतं त्याला. म्हणाला, कारखान्यात फोरमन सांगेल तसं, घरात इमो सांगेल तसं. तेवढी एक खाच माझी आहे. तिने तीही माझ्यापेक्षा बरी चालवली, तर माझ्या हातात काय राहिलं?"

डार्ला, मला आधी हसू आलं. मग इतका संताप आला, की मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

तुझ्या बापाला दुसरी चावी करून घ्यायची गरजच नव्हती. 'बंद आहे' एवढं म्हटलं की झालं. मी ढकलून बघणार नाही, ह्याची त्याला खात्री होती. कुलूप कशाला, मी होते की! छत्तीस वर्षं किराणा, चर्च, डॉक्टर, तळं, सगळीकडे माझा हात त्या दांड्यावर होता, आणि बोटभर उजवीकडे सरकवायचा अवकाश होता. एकदाही सरकवून बघितला नाही. सांगितलं बंद, तर बंद.

आणि तू. तू निघालीस त्या पहाटे गॅरेजमध्ये गेली होतीस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं होतं. मला वाटलं, जाता जाता बापाच्या गाडीवर ओरखडे काढायला गेली असेल. नंतर मी दिवा घेऊन सगळी गाडी तपासली. ओरखडा नव्हता. आता कळतंय तू आत बसून काय केलंस. कुलूप उघडलंस, आणि पुन्हा कुणाला लावता येऊ नये म्हणून चावी घेऊन गेलीस. ते माझ्यासाठी होतं. म्हणून फोनवर विचारायचीस, चालवलीस का. आणि मी फोन आदळायचे.

सरळ का नाही सांगितलंस गं? एक वाक्य! "आई, दांडा उजवीकडे ढकल." ह्या उन्हाळ्यात तरी लिहायचंस. मी काल दिवसभर तुझ्यावर ह्याच गोष्टीसाठी चिडले होते. मग रात्री जेवताना वाटलं, लिहिलं असतंस तरी मी विश्वास ठेवला नसता. म्हटलं असतं, चावी चोरली ती चोरली, वर शहाणपण शिकवतेय.

वर्लिनवर मी प्रेम केलं. ते खरं होतं, आजही आहे. माझ्या आईच्या आजारपणात त्याने स्वतःच्या हाताने तिचे पाय धुतले. कारखाना बंद झाला, तेव्हा मला कळू न देता दुसऱ्यांची अंगणं साफ केली. असा माणूस, आणि बोटभर खाचेसाठी पोरीला चोर ठरू दिलं, बायकोला रडू दिलं. दोन्ही एकाच माणसात कसं मावतं, ते मला कळत नाही. थडग्याशी जाऊन विचारावं असं वाटतं, पण आत्ता गेले तर शिव्याच देईन, आणि शेजारी पाद्रीबाईंची आई पुरलेली आहे.

लाहटीला सांगितलं, गाडी विकायची नाही. तो म्हणाला, "अहो बाई, शब्द दिलात!" मी म्हटलं, "शब्दांचं ह्या घरात काय होतं ते आत्ताच बघितलंत ना? कॉफी घ्या आणि जा." रिकामा ट्रेलर घेऊन गेला बिचारा. त्याचा काही दोष नव्हता.

गाडी अजून मी चालवलेली नाही. दोन दिवस गॅरेजमध्ये जाते, आत बसते, दांडा उजवीकडे ढकलते, परत डावीकडे आणते, आणि घरात येते. आता भीती कसली वाटते, तेच कळत नाही.

तू विचारलंस आणि मी ऐकलं नाही, पोरी. मला फार वाईट वाटतंय.

आई


जॉप्लिन, मिझूरी
१७ ऑगस्ट

डार्ला, बाळा,

वरचं गावाचं नाव दोनदा वाचू नकोस, बरोबर वाचलंस. मोटेलच्या कागदावर लिहितेय.

सोमवारी सकाळी दोन झगे, गोळ्यांचा डबा आणि तेलाचे चार डबे डिकीत टाकले. हॉबर्टला घराची किल्ली द्यायला गेले, तर तो दारात आडवा.

"वहिनी, वेड लागलंय का? टेक्सास म्हणजे काय परसदार आहे? ह्या गाडीचा तापमानाचा काटासुद्धा खोटं बोलतो!"

"मग सवय आहे मला," मी म्हटलं. "मांजराला दोन वेळा घाला, आणि माझ्या फ्रीजमधलं काही चाखायचं नाही."

वुडवर्डवर पहिल्याच सिग्नलला दांडा मागे ओढला आणि उजवीकडे ढकलला. शेजारी कुणी नव्हतं. एक दूधवाली व्हॅन होती, तिला हरवण्यात काही अर्थ नव्हता. हिरवा झाला आणि मी पहिला ताणला. ताण ताण ताणला. आजवर ज्या टोकाला आवाज दाबला जायचा, त्याच्या पुढे गेले, आणि पुढे खूप होतं गं! एवढं होतं त्याच्यात! मग दुसरा टाकला, मनगटाने. सीट माझ्या पाठीवर आली. मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते लिहिणार नाही, पाद्रीबाईंच्या कानावर गेलं तर पंचाईत. रडलेही. चष्म्यावर पाणी आलं म्हणून गाडी बाजूला घेतली आणि पुसून पुन्हा निघाले.

हमरस्त्यावर ती खाच काही कामाची नाही, एकदा तिसरा टाकला की टाकला. पण मी ती सोडलेली नाही. पेट्रोलपंपावरून निघताना, टोलनाक्यावरून निघताना, पहिला, दुसरा, तिसरा. पंपावरचे बाप्ये विचारतात, "कुणाची गाडी?" मी म्हणते, माझी. इंडियानात एकाने बॉनेट उघडून बघू का विचारलं. मी म्हटलं, हात धुऊन ये. सेंट लुईच्या पुढे इंजिन तापलं. एका झाडाखाली थांबले, हीटर पूर्ण उघडून ती उष्णता स्वतःच्या पायांवर घेतली, आणि पुढे निघाले. कंबर गेली आहे कामातून. सीट शिवणारीने स्पंजात काटकसर केली होती, हे आता कळतंय.

तुझ्या उत्तराची वाट बघितली नाही. तुझ्या उत्तराला तीन आठवडे लागतात आणि कार्डावर एक ओळ येते. माझ्याकडे तेवढी सवड नाही. शिवाय, मनात आलं, तू नको म्हणालीस तर? म्हणून विचारलंच नाही. हे पत्र सकाळी इथून टाकीन, पण बहुतेक त्याच्या आधी मीच पोचेन.

तू दार उघडशील की नाही, मला ठाऊक नाही. उघडायलाच हवं असं माझं म्हणणं नाही. मी दर वेळी तुझ्या तोंडावर फोन ठेवला, तुलाही एकदा दार लावायचा हक्क आहे. लावलंस तर मी समोर रस्त्यावर गाडीत बसेन. डबा बरोबर आहे, गोळ्या आहेत, आणि मला आता कुठे जायची घाई नाही.

आणि उघडलंस, तर माझ्या शेजारी येऊन बस. स्टिअरिंग मी सोडणार नाही, आधीच सांगते. तू फक्त सांग, तो दुसरा गिअर तू नेमका कधी टाकायचीस. कारण मला वाटतं, मी थोडा लवकर टाकतेय.

तुझी,
आई